दंडावरची खरखर: दिवाळी ते पाडवा, घरच्या घरी

दंडाच्या बाहेरच्या अंगाला आणि मांडीच्या पुढच्या भागावर बारीक, टोकदार पुळ्या. खाज फारशी नाही, दुखत नाही, पू नाही. हात फिरवला की मात्र किसणीवरून फिरवल्यासारखा लागतो. डॉक्टर याला केराटोसिस पिलारिस म्हणतात. मेडिकलच्या काउंटरवर लोक 'ते चिकन स्किनचं क्रीम द्या' म्हणून मागतात. मी त्या काउंटरच्या आतल्या बाजूला काम करते आणि माझ्या स्वतःच्या दंडांवर हे शाळेपासून आहे. नोव्हेंबर २०२४ ते मार्च २०२५ या काळात ते नाशिकच्या थंडीत, घरीच, पद्धतशीर आटोक्यात आणलं. त्याची ही नोंद, ग्रॅम आणि रुपयांसकट. 'आटोक्यात' हा शब्द मुद्दाम वापरलाय. हे मुळापासून जात नाही. मऊ ठेवता येतं, दिसेनासं करता येतं आणि काळजी सोडली की काही आठवड्यांत परत येतं. ज्या जाहिरातीत 'सात दिवसांत कायमचं' असं लिहिलंय ती तिथेच सोडून द्या.

आधी आत काय चाललंय ते बघू, कारण पुढचं सगळं त्यावरच बेतलेलं आहे. प्रत्येक केस एका बारीक नळीतून वर येतो. त्वचेच्या वरच्या थरातलं केराटिन, म्हणजे त्वचेचं कठीण प्रथिन, एरवी आपोआप झडतं. या त्वचेत ते नळीच्या तोंडाशी साचून घट्ट होतं आणि त्याचं बूच बसतं. भिंगातून पाहिलंत तर पांढुरका, शंकूच्या आकाराचा कण दिसेल, आणि पुष्कळदा त्याच्या खाली गुंडाळी होऊन अडकलेला केस. नळीच्या भोवती थोडी सूज असते; गोऱ्या अंगावर ती लालसर दिसते, सावळ्या अंगावर तपकिरी. हे घराण्यात चालतं. आई किंवा वडिलांना असेल तर मुलांमध्ये उतरतं, आणि ज्या घरात एक्झिमा, दमा, कोरडी त्वचा आहे तिथे जास्त दिसतं. किशोरवयात निम्म्याहून अधिक मुलामुलींना थोडंफार असतंच. वाढत्या वयाबरोबर बऱ्याच जणांचं कमी होतं, सगळ्यांचं नाही.

म्हणजे हा मळ नव्हे, आणि घासून निघणारा तर नव्हेच. वज्री, काथ्या, घोसाळ्याची जाळी, साखर-कॉफीचा स्क्रब, यातलं काहीही जोरात फिरवलं की बुचाचं टोक उडतं, त्या संध्याकाळी हात गुळगुळीत लागतो आणि खूश व्हायला होतं. पण बूच आत तसंच असतं. वर नळीच्या तोंडाला इजा झाली की त्वचा स्वतःला वाचवायला आणखी जाड होते. आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या रंगात तर प्रत्येक ओरखड्यामागे काळा ठिपका राहतो, आणि तो जायला महिनोन्‌महिने लागतात. काउंटरवर दंड दाखवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना खरा त्रास पुळ्यांचा नसतोच, घासून पडलेल्या डागांचा असतो.

३१ ऑक्टोबरला नरक चतुर्दशी होती. उटणं लावा, सण आहे. फक्त दंड-मांड्यांना ते रगडू नका. नागरमोथा, वाळा, कचोरा कितीही वस्त्रगाळ केला तरी ते शेवटी मुळ्या-कंदांचंच चूर्ण. त्या भागाला तेल लावायचं आणि उटण्याचं पाणी नुसतं ओतायचं. लिंबाची फोड चोळण्याचा सल्लाही याच दिवसांत घरोघर मिळतो. तो ऐकू नका. लिंबाचा रस अंगावर राहिला आणि ऊन लागलं तर भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि नंतर काळे पडतात.

घरी काही सुरू करण्याआधी एकदा डॉक्टरांना दाखवणं गरजेचं होतं. ११ नोव्हेंबरला, सोमवारी, सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात गेले. मोबाइलमध्ये आभा क्रमांक (सरकारी डिजिटल आरोग्य ओळख) असेल तर दाराशी लावलेला क्यूआर कोड स्कॅन करून टोकन मिळतं आणि नावनोंदणीची लांब रांग टळते. केसपेपर तरी खिडकीवरूनच घ्यावा लागतो. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत, त्यामुळे पैसे लागले नाहीत. महापालिकेच्या दवाखान्यांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत नियम वेगळे, तिथे थोडे सुटे पैसे जवळ ठेवा. केसपेपर घरी फायलीत लावा, पुढच्या तारखेला तोच मागतात. सकाळी लवकर गेलात तरी निम्मा दिवस धरून चला. खासगी त्वचारोगतज्ज्ञाकडे हेच काम पाचशे ते हजार रुपयांत आणि बरंच लवकर होतं.

तपासणी म्हणाल तर मिनिटभराची. डॉक्टरांनी दंड खिडकीकडे वळवला, बोटांची मागची बाजू खालून वर फिरवली, दोन्ही कोपरं आणि गुडघे पाहिले, बोटांच्या बेचक्या पाहिल्या आणि घरात कुणाला आहे का ते विचारलं. रक्त तपासणी नाही, बायोप्सी नाही. एवढं सगळं का पाहिलं, ते समजून घेण्यासारखं आहे, कारण खरखरीत पुळ्यांचे पाच-सहा प्रकार वरवर सारखेच दिसतात.

कोपर, गुडघे आणि ढुंगणावर जाड, काट्यासारखे उंचवटे असतील, मूल किरकोळ असेल, संध्याकाळी अंधारात चाचपडत असेल, तर तो फ्रिनोडर्मा असू शकतो. तो पोषणाच्या कमतरतेचा: जीवनसत्त्व अ, ब गटातली जीवनसत्त्वं आणि तेलातली आवश्यक स्निग्धाम्लं कमी पडली की होतो. त्यावर क्रीम पुरत नाही, आहार आणि औषध लागतं. लहान मुलांना नवव्या महिन्यात एक लाख आणि पुढे दर सहा महिन्यांनी दोन लाख युनिट असे अ जीवनसत्त्वाचे एकूण नऊ डोस पाच वर्षांपर्यंत सरकारी कार्यक्रमात मिळतात. माता-बाल संरक्षण कार्डावर त्यांच्या चौकटी असतात, त्या भरल्यात का ते बघा. स्वयंपाकात करडईचं तेल असलेलं चांगलं, त्यात लिनोलेइक ॲसिड हे आवश्यक स्निग्धाम्ल भरपूर. शेवग्याचा पाला, गाजर, पपई हे नेहमीचंच, फक्त फोडणीच्या तेलासोबत, कारण अ जीवनसत्त्व तेलात विरघळतं. पण मोठ्या माणसांनी मनाने अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू करू नयेत. जास्त झालं तर ते यकृतात साठतं, आणि गरोदरपणात गर्भाला धोका असतो.

रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत पुरळ आहे आणि घरात आणखी कुणाला खाजतंय, म्हणजे खरूज. गोल कडा वाढत जाणारा चट्टा म्हणजे गजकर्ण. प्रत्येक पुळीच्या टोकावर पू दिसत असेल, विशेषतः वॅक्सिंगनंतर, तर केसाच्या मुळाचा जंतुसंसर्ग. उन्हाळ्यात पाठ-मानेवर टोचणारं पुरळ बहुधा घामोळं. या चारांपैकी एकावरही पुढची पद्धत लावू नका. आम्लाची क्रीमं चिरलेल्या किंवा चिघळलेल्या त्वचेवर आग लावतात.

चिठ्ठीवर दोनच गोष्टी होत्या: साधं मॉइश्चरायझर दिवसातून दोनदा, आणि यूरिया-लॅक्टिक ॲसिडचं क्रीम रात्री. दवाखान्याच्या औषध खिडकीवर त्या दिवशी ते क्रीम नव्हतं, म्हणून बाहेरून घ्यावं लागलं. पुढची तारीख ३० डिसेंबर.

इथे काउंटरच्या आतून एक सांगते. चिठ्ठी न घेता आलेला माणूस 'सॅलिसिलिक ॲसिडचं मलम द्या' म्हणतो. त्याच्या हातात अनेकदा जी ट्यूब पडते तिच्यात सॅलिसिलिक ॲसिडसोबत बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असतं, म्हणजे जोरदार स्टेरॉइड. पहिल्या आठवड्यात लाली झटकन उतरते आणि ते 'लागू पडलं' असं वाटतं. महिनोन्‌महिने लावलं की त्वचा पातळ होते, कातडी ताणल्यासारखे पांढुरके पट्टे उठतात, केसांच्या मुळाशी पुळ्या वाढतात, आणि तिथे बुरशी शिरली तर ओळखूही येत नाही. २०१८ साली केंद्र सरकारने अशी चौदा स्टेरॉइड मलमं अनुसूची एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. नियम आहे, तरी ट्यूब उलटून घटकांची दुसरी ओळ वाचायची सवय ठेवा. 'सोन', 'सोल', 'सोनाइड' अशा शेवटाचं नाव दिसलं की थांबा आणि विचारा. ट्यूबवरची लाल उभी रेघही तेच सांगते.

योग्य ट्यूबवर काय असावं? यूरिया १० ते २० टक्के, किंवा लॅक्टिक ॲसिड ५ ते १२ टक्के, किंवा दोन्ही. आपल्याकडे १२ टक्के यूरिया आणि ६ टक्के लॅक्टिक ॲसिड असं मिश्रण सर्रास मिळतं. मीही तेच घेतलं. यूरिया पाच-दहा टक्क्यांपर्यंत मुख्यतः पाणी धरून ठेवतो, त्याच्या वर केराटिन मऊ करून सोडवतो. चाळीस टक्क्यांचा यूरिया टाचांच्या भेगांचा आणि जाड नखांचा, तो दंडाला नको. लॅक्टिक ॲसिड मृत पेशींची पकड सैल करतं आणि त्वचेचा ओलावाही वाढवतं, म्हणून मला ते सॅलिसिलिकपेक्षा उजवं वाटतं. दोघांची तुलना करणाऱ्या २०१५ मधल्या एका अभ्यासात तीन महिन्यांनी १० टक्के लॅक्टिक ॲसिडने पुळ्या सरासरी ६६ टक्के आणि ५ टक्के सॅलिसिलिक ॲसिडने ५२ टक्के कमी झाल्या होत्या. दोन्ही चालतात आणि दोन्हींना तीन महिने लागतात. सौंदर्यप्रसाधनाच्या बाटलीवर घटकाचं नाव ठळक आणि टक्केवारी गायब असेल तर पैसे वासाचे आणि बाटलीचे, असं समजा.

पहिले दोन आठवडे क्रीमला हात लावला नाही. फक्त आंघोळ आणि मॉइश्चरायझर. हा टप्पा लोक हमखास गाळतात, आणि मग कोरड्या, तडकलेल्या त्वचेवर आम्ल चुरचुरलं की तिसऱ्याच दिवशी ट्यूब कपाटात जाते.

आंघोळ कोमट पाण्याने, पाच ते दहा मिनिटं. मनगटाच्या आतल्या बाजूला पाणी गरम असं न वाटता नुसतं ऊबदार लागलं पाहिजे. साबण फक्त काखा, जांघा, पाय आणि जिथे खरंच घाम-मळ असतो तिथे. साबणाच्या कागदावर टीएफएम, म्हणजे एकूण स्निग्ध पदार्थाचं प्रमाण, लिहिलेलं असतं. ७६ टक्के किंवा जास्त म्हणजे पहिली श्रेणी. त्यात साबण जास्त आणि भरताड कमी, एवढाच त्याचा अर्थ. सौम्य म्हणाल तर कुठलाच खरा साबण नाही, कारण साबणाचा सामू (पीएच) नऊ-दहाच्या घरात असतो आणि त्वचेचा पाचच्या आसपास. दंड-मांड्यांना साबणाऐवजी सिंडेट वडी, म्हणजे साबण नसलेली सौम्य वडी, वापरली; ती दीडशे-दोनशे रुपयांना पडते, पण फक्त तेवढ्या भागाला वापरली तर दोन-तीन महिने जाते. वडी पाण्यात बसू देऊ नका, जाळीवर ठेवा, नाहीतर महिन्यात तिचा लगदा होतो.

मग पंच्याने टिपायचं. पुसायचं नाही, टिपायचं. अंगावर किंचित ओल असतानाच, तीनेक मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर. बाथरूममध्येच डबा ठेवला तर हे जमतं. खोलीत जाऊन कपडे घालून मग लावायचं ठरवलंत तर जमत नाही. मी व्हाइट सॉफ्ट पॅराफिन आणि लाइट लिक्विड पॅराफिनचं साधं, बिनवासाचं क्रीम घेतलं. जनऔषधी केंद्रात आणि मेडिकलमध्ये असं क्रीम मिळतं. मोठा डबा घेतला तर स्वस्त पडतो. खोबरेल तेल चालतं का? चालतं. कोरड्या त्वचेसाठी ते मिनरल ऑइलच्या तोडीचं ठरलेलं आहे. ओल्या अंगावर पातळ हात लावा. फक्त बूच त्याने विरघळत नाही. मोहरीचं आणि ऑलिव्हचं तेल मात्र टाळा, त्यांनी त्वचेचं आवरण उलट कमकुवत होतं.

नोव्हेंबर संपता संपता यूरिया-लॅक्टिक क्रीम सुरू केलं. आधी एका दंडावर रुपयाएवढ्या जागेत तीन रात्री लावून पाहायचं. थोडी चुरचुर पाच-दहा मिनिटांत जाते. लाल होऊन सुजलं, पाणी सुटलं तर धुऊन टाका आणि ते क्रीम सोडा. मग पहिला आठवडा एक रात्र आड, पुढे रोज रात्री.

आता प्रमाण. सगळा खेळ इथेच बिघडतो, म्हणून सावकाश वाचा. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या घडीपर्यंत ट्यूबमधून एक सरळ रेघ काढा. मोठ्या माणसाच्या बोटावर ती अर्धा ग्रॅम भरते, आणि बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. एका दंडाला बाहेरून-मागून दीड पेर. एका मांडीच्या पुढच्या भागाला दीड पेर. दोन्ही दंड, दोन्ही मांड्या मिळून सहा पेरं, म्हणजे तीन ग्रॅम. रोज रात्री एकदा लावलं तर महिन्याला नव्वद ग्रॅम. तीस ग्रॅमची ट्यूब दहा दिवसांत संपते. आणि काउंटरवर लोक सांगतात की एक ट्यूब दोन महिने पुरली आणि काही फरक पडला नाही. फरक पडणार कसा? कामाच्या मात्रेच्या सहाव्या हिश्श्यावर ते महिने काढतात. खर्च झेपत नसेल तर मात्रा कमी करू नका, जागा कमी करा: आधी फक्त दंड, मग मांड्या. दोन दंडांना महिन्याला पंचेचाळीस ग्रॅम पुरतात.

लावताना केसांच्या दिशेने, वरून खाली. उलटं चोळलं की क्रीम नळीच्या तोंडाशी साचतं आणि जंतुसंसर्गाला आमंत्रण मिळतं. पाच मिनिटं मुरू द्या, मग जुना सुती, सैल बाह्यांचा सदरा. त्यावर मॉइश्चरायझर लावायचं असेल तर दहा मिनिटांनी. दंडाला घट्ट बसणारे ब्लाउज, लेगिंग्ज आणि सिंथेटिक जीन्स यांच्या घर्षणानेही बुचं वाढतात. दिवसभर घट्ट, रात्री क्रीम, असं केलंत तर दोन पावलं पुढे आणि एक मागे.

वॅक्सिंग किंवा रेझरनंतर दोन दिवस आम्लाचं क्रीम बंद. खरं तर या भागाला वॅक्स टाळलेलंच बरं: तुटलेला केस बुचाखाली वळतो आणि नवी पुळी तयार. केस काढायचेच असतील तर ट्रिमर.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात किमान तापमान दहाच्या खाली उतरलं आणि चुरचुर वाढली. या दिवसांत हे होणारच: हवा कोरडी, पाणी आपोआप जास्त गरम घेतलं जातं, त्वचेचं आवरण पातळ होतं आणि कालपर्यंत सोसणारं क्रीम झोंबायला लागतं. उपाय सोपा. तीन-चार रात्री क्रीम बंद, फक्त मॉइश्चरायझर सकाळ, संध्याकाळ, झोपताना. मग पुन्हा एक रात्र आड. गीझर पन्नासवरून चाळिसावर आणला. क्रीम सोडून द्यायचं नाही आणि सहन करत रोज लावायचंही नाही, एवढं पाळलं की झालं. मॉइश्चरायझर आधी आणि आम्लाचं क्रीम वरून, असं केलं तरी झोंबणं कमी होतं. परिणाम थोडा सावकाश येतो.

प्रगती डोळ्यांनी मोजू नका, रोज बघणाऱ्याला काही दिसत नाही. दर पंधरा दिवसांनी, सकाळी, एकाच खिडकीपाशी, उजेड बाजूने पडेल असा दंड धरून फोटो काढायचा. फ्लॅश बंद, कारण समोरचा उजेड पुळ्यांच्या सावल्या पुसून टाकतो आणि सगळेच दंड गुळगुळीत दिसतात. क्रम ठरलेला असतो: आधी खरखर जाते, मग उंचवटे बसतात, लाली त्यानंतर, आणि तपकिरी डाग सर्वांत शेवटी. चार आठवड्यांनी बोटाला फरक कळला, कॅमेऱ्याला जानेवारीत. 'हात मऊ लागतो पण दिसतं तसंच' या टप्प्यावर निम्मे लोक सोडतात. तिथे टिकून राहायचं.

३० डिसेंबरला पुन्हा रांग, पुन्हा तोच केसपेपर. दंड ठीक होते. मांड्यांच्या बाहेरच्या कडेला एक घट्ट पट्टा उरला होता, त्यासाठी ॲडापॅलीन ०.१ टक्का जेल लिहून मिळालं. पंधरा ग्रॅमची ट्यूब, चिठ्ठीवरच मिळते. हे रेटिनॉइड, म्हणजे अ जीवनसत्त्वासारखं काम करणारं औषध, नळीच्या तोंडाशी पेशींचं साचणंच कमी करतं. आठवड्यातून दोन रात्री, मसुराच्या डाळीएवढे ठिपके देऊन फक्त त्या पट्ट्यावर, आणि त्या रात्री तिथे यूरिया-लॅक्टिक नाही. दोन्ही एकाच रात्री लावले की साल निघते. पहिले तीन आठवडे थोडी पापुद्र्यासारखी त्वचा सुटते, तेवढं चालतं. गरोदर असाल, किंवा बाळाचा विचार चालू असेल, तर रेटिनॉइड अजिबात नको. तसं डॉक्टरांना आधीच सांगा. यूरिया आणि लॅक्टिक ॲसिड तेव्हाही सहसा चालतं, पण विचारून.

संक्रांत, १४ जानेवारी. ऊन वाढायला लागतं ते इथून. लॅक्टिक ॲसिडने त्वचा उन्हाला हळवी होते, म्हणून बाहेर पडताना पूर्ण बाही. उघड्या दंडांना एसपीएफ ३० चं सनस्क्रीन. गाडीवर जाणाऱ्या मुली सुती बाह्या चढवतात, त्या उत्तम, फक्त रोज धुवा. डाग फिके व्हायचे असतील तर क्रीमइतकंच काम ही बाही करते.

फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत दंड बोटाला पूर्ण गुळगुळीत, मांड्यांवर थोडे ठिपके. तिथून मात्रा उतरवायची: आधी एक रात्र आड, मग आठवड्यातून तीनदा, मग दोनदा. एकदम बंद केलं की बुचं परत बसतात. आठवड्यातून दोनदा हा माझा कायमचा हप्ता. ३० मार्चला पाडवा झाला तेव्हा महिन्याला पंचवीस-तीस ग्रॅम पुरत होतं.

खर्च: यूरिया-लॅक्टिक क्रीम, पन्नास ग्रॅमची ट्यूब दोनशेच्या आसपास, सगळा हिवाळा मिळून बाराशे-तेराशे. मॉइश्चरायझरचे डबे साधारण आठशे. सिंडेट वड्या साडेतीनशे. ॲडापॅलीन दोनशेच्या आत. दवाखाना शून्य, रिक्षा सोडून. म्हणजे अडीच हजारांच्या पुढे-मागे, आणि पुढे महिन्याला शे-दीडशे. पार्लरमधलं एका बैठकीचं बॉडी पॉलिशिंग याहून महाग पडू शकतं, आणि तेही घासण्याचंच. लालीसाठी लेझर असतं, त्याने लाली उतरते. खरखर तितकी नाही. अनेक बैठका लागतात आणि खर्च हजारांत. औषधांनी सहा महिने इमानदारीने करून झाल्यावरच त्याचा विचार करा.

मुलांचं वेगळं. दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या गालांवर किंवा दंडांवर अशी खरखर दिसली तर फक्त मॉइश्चरायझर आणि कोमट पाणी. सॅलिसिलिक ॲसिड लहान मुलांच्या मोठ्या भागावर लावायचंच नाही. ते त्वचेतून रक्तात शिरू शकतं आणि विषबाधा होते. शाळकरी मुलांना कमी टक्क्यांचं यूरिया किंवा लॅक्टिक ॲसिड डॉक्टर सांगतील तेव्हा. आणि चेहऱ्याला मोठ्यांनीसुद्धा दंडाचं क्रीम लावू नये.

पावसाळ्यात हवा दमट झाली की पुळ्या आपोआप बसतात, कोकणात आणि गोव्यात तर जास्तच. तेव्हा आम्लाचं क्रीम आठवड्यातून एकदा पुरतं आणि जाड पॅराफिनऐवजी पातळ लोशन बरं, नाहीतर घामाने पुरळ येतं. याच्या उलट, थंड देशात राहणाऱ्यांच्या घरात हीटर सुरू झाला की हवा नागपूरच्या मे महिन्याइतकी कोरडी होते. तिथे खोलीत ह्युमिडिफायर ठेवा. अमेरिकेत १२ टक्के अमोनियम लॅक्टेटचं लोशन चिठ्ठीशिवाय मिळतं, तेच वापरा, इथून ट्यूबा पाठवायला सांगू नका. ट्यूब उघडलीत की तिच्यावर पेनाने तारीख टाका. एक ट्यूब किती दिवसांत संपते ते त्यावरून कळतं, आणि मात्रा पुरेशी पडतेय की नाही तेही.